शेपटीवरची पाटी

१

टिटवीचे डोळे कोणीतरी काढून नेले होते.

टिटवी म्हणजे विमान. दोन माणसांचं, उंच पंखांचं, पोटाखाली भोपळ्यासारखे फुगीर टायर असलेलं. माळावर, नदीच्या वाळूत, जिथे रस्ताही जात नाही तिथे उतरावं म्हणून बांधलेलं. त्याचे सुटे भाग परदेशातून खोक्यांत भरून आले होते आणि बिडकीनच्या अलीकडे ऋतुराज औताडेच्या शेतात, पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांचं विमान झालं होतं. लोक शेतात गोठा बांधतात, हौशी लोक स्विमिंग टँक बांधतात. ऋतुराज आणि त्याचा मित्र अजिनाथ, या दोघांनी विमान बांधलं. गावाने आधी चेष्टा केली, आणि टिटवी उडाली तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्याही गावानेच वाजवल्या.

त्या दोघांपैकी अजिनाथ आता नव्हता. त्याची बायको ज्ञानेश्वरीबाई शेडच्या दारात उभ्या होत्या.

ज्ञानेश्वरीबाई पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. पुंडलिकनगरात राहत. गल्लीत कोणाची गाडी गेली, कोणाची पोत ओढली, तर लोक आधी त्यांची बेल वाजवत आणि मग चौकीची वाट धरत. पण नवरा गेल्यापासून या शेडकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं ते ऋतुराजचा फोन आला म्हणून.

"बघा वहिनी, काय करून ठेवलंय," ऋतुराज म्हणाला. उंचापुरा, दिलदार माणूस. आज त्याचा आवाज बसला होता. "समोरचा स्क्रीन गेला. रेडिओ गेला. विमान पडलं तर हाक मारणारं यंत्र असतं ना, तेसुद्धा नेलं. दुपारी गिऱ्हाईक यायचंय आणि हे असं."

बाईंनी आत वाकून पाहिलं. वैमानिकासमोरच्या फळीत तीन चौकोनी खड्डे होते.

"आणि पाटी?" त्यांनी विचारलं.

ऋतुराजने खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं. "तीपण नेली. जाताजाता हाताला लागेल ते उचललं असणार. भंगारवाल्याची नजर."

घरी बांधलेल्या विमानाच्या शेपटीवर एक पोलादी पाटी असते, ते कोणी बांधलं हे सांगणारी. आजाराने पुरतं धरायच्या आधी अजिनाथने ती स्वतःच्या हाताने ठोकली होती. दवाखान्यात खाटेवरून म्हणायचा, "एकदा जाऊन बघून ये की." दवाखाना सोडून जायचं कसं? आणि तो गेल्यावर जायचं कशाला? पाटी बघायची राहूनच गेली. ऋतुराजने विमान विकायचं काढलं तेव्हा अजिनाथच्या वाट्यासाठी बाईंनी संमती दिली आणि एकच अट घातली: विमान कोणीही न्यावं, पण शेपटीवरची पाटी हलता कामा नये. माणूस गेला, निदान नाव उडत राहावं.

"कुलूप?"

"तुटलेलं नाय. किल्ल्या दोनच. एक माझ्याकडं, एक कचरूकडं." ऋतुराजने मान खाली घातली. "मला सांगताना लाज वाटते वहिनी, पोटच्या पोरासारखा सांभाळला त्याला. चौकीत बसवलाय सकाळपासून. कबूल होईना. तुमच्या शब्दाला तिथं मान आहे. तुम्ही फक्त एक शब्द टाका."

२

कचरू धनगर माणूस. टिटवीची गवताची धावपट्टी त्याची मेंढरं राखत. विमान यायचं नसेल तेव्हा मेंढरं चरत आणि गवत बोटभरच राही. असा बिनपगारी माळी कोणत्या विमानतळाला मिळतो? शेड झाडायचं कामही तोच करी, म्हणून किल्ली त्याच्याकडे.

चौकीच्या व्हरांड्यात तो भिंतीला टेकून बसला होता. बाईंना पाहून उठला आणि हात जोडले.

"ताई, म्या काय बी नेलं नाय."

"मग किल्ली कुठं होती?"

"माझ्या करगोट्याला. आता बी हाय." त्याने सदरा वर करून दाखवली. "मालक काल म्हणले, इमान बघाया माणसं यायलीत, मेंढरं पलीकडं ने. म्हून सारजाबाईच्या रानात बसवली. रातभर तिथंच व्हतो. पर रानात एकल्या माणसाचा साक्षीदार कोण? मेंढरं?"

बाईंना हसू आलं आणि लगेच विरलं. कचरूचे डोळे भरले होते.

"ताई, जेल झाली तरी म्या भोगीन. पर चोर म्हून नाव झालं तर उद्या कोन रानात मेंढरं बसू देईल? लेंडीखतासाठी आज चार शेतकरी बोलावत्यात. उद्या कुत्रं सोडतील अंगावर. मंग खायाचं काय?"

बाईंना हे सांगावं लागत नव्हतं. ज्या धनगरावर शेतकऱ्याचा भरवसा नाही त्याचा कळप रात्री रस्त्यावर बसतो.

"पाटीही गेली म्हणतात," त्या म्हणाल्या.

कचरू एकदम ताठ झाला. "शेपटीवरची? ती म्या काढीन व्हय? अजिनाथ मालकानं ती ठोकली तव्हा आतून लोखंड म्याच धरलं व्हतं!"

बाई थबकल्या. रिबीट, म्हणजे पत्रा पक्का करायचा खिळा, मारायला दोन माणसं लागतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? एक बाहेरून हवेवर चालणारी हातोडी धरतो. दुसरा आत बसून रिबिटाच्या शेपटाला लोखंडी ठोकळा लावतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, म्हणून आतल्याने ठोकळ्याने पत्र्यावर टकटक करायची. दोनदा म्हणजे ठीक. तीनदा म्हणजे बिघडला, काढून टाक. टिटवीची शेपटी निमुळती, तिथे पुरुषाचे खांदे घुसेनात. म्हणून कित्येक सुट्ट्या ज्ञानेश्वरीबाईंनी त्या शेपटीत पाय दुमडून, ठोकळा धरून काढल्या होत्या. बाहेर आळीपाळीने अजिनाथ आणि ऋतुराज. ड्यूटीवर ज्यांच्या शिट्टीने चौक थांबे त्या बाई सुट्टीच्या दिवशी पत्र्याआड बसून टकटक करत, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात तेवढ्या सुखात त्या दुसरीकडे कुठेच बसल्या नाहीत.

शेवटच्या वेळी मात्र ठोकळा काडीसारख्या अंगाच्या कचरूच्या हातात होता.

"काय लिहिलं होतं रे पाटीवर?"

"वाचाया कुठं येतंय मला? पर मालक लई खूश व्हते. म्हणले, बाईला सांगू नको. येतील तव्हा बघतील."

३

बाई परत आल्या तेव्हा ऋतुराज फोनवर होता. त्या एकट्याच विमानात शिरल्या आणि खड्ड्यांपुढे बसल्या. पोलिसात असताना त्यांची एक खोड होती: चोराने काय नेलं हे सगळेच बघतात, त्या चोराने काय ठेवलं हे बघत.

घाईतला चोर वायर कापतो. इथे एकही वायर कापली नव्हती. एकेक प्लग सोडवून, त्याच्या तोंडाला चिकटपट्टी गुंडाळून, वायर बाजूला नीट बांधून ठेवली होती. पुढेमागे यंत्रं पुन्हा बसायची आहेत, असं मनात धरूनच कोणीतरी हे केलं होतं.

मग त्यांनी मोबाइलचा दिवा खाली धरला आणि त्यांचा हात तसाच राहिला.

यंत्रांच्या मागच्या पट्ट्या तशाच होत्या, आणि त्यांचे नट पुन्हा आवळले होते. प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ होती.

ही रेघ अजिनाथची. नट आवळला की त्याच्यावरून रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते आणि नजरेला कळतं. त्यासाठी त्याने बाईंच्या आरशापुढली बाटली पळवली होती, आणि वर म्हणाला होता, "तू काही लावत नाहीस, माझ्या विमानाला तरी नटू दे." त्याच्या हाताखाली जो कोणी पाना धरी, त्याला तो आधी रेघ शिकवी. बिनरेघेचा नट दिसला की जेवण टाकून उठे.

त्या वेळच्या रेघा आता वाळून तपकिरी पडल्या होत्या. या रेघा लालभडक होत्या. बाईंनी नखाने खरवडलं. नखाला लाल लागलं.

कचरू तर यातून सुटलाच. मेंढरं राखणाऱ्याने वायर सोडवून, नट आवळून, वर नेलपॉलिश लावलं, हे चौकीतल्या फौजदारालाही पटलं नसतं. पण बाईंना सुटल्यासारखं वाटेना. त्या मागे शेपटीकडे गेल्या.

पाटीच्या जागी पत्रा होता. चार कोपऱ्यांतली चार भोकं नव्या रिबिटांनी बुजवलेली, वरून पांढरा रंग. रिबीट एकट्याने मारता येतात त्या पोकळ जातीचे. अजिनाथने तसले या शेपटीत एकही मारू दिले नव्हते.

भंगारासाठी पाटी उचकटणारा चोर भोकं बुजवत बसत नाही. इथे पाटी कधी नव्हतीच असं ज्याला दाखवायचंय, तोच बुजवतो.

"काही सापडलं का, वहिनी?" मागून ऋतुराजचा आवाज आला. बाईंनी नख पदरात पुसलं.

"चोर अजिनाथच्या शाळेतला आहे," त्या म्हणाल्या.

४

ऋतुराज हळूच म्हणाला, "मग सत्यम असंल."

सत्यम म्हणजे विक्रीआधी इंजीन तपासायला ठेवलेला तरुण मेकॅनिक. "परवा माझं त्याचं वाजलं," ऋतुराज सांगू लागला. "मी बोललो त्याला दोन शब्द. किल्ली त्यानं कचरूकडून मागून घेतली असंल. मेंढपाळाला काय कळतंय?"

मघाशी कचरू चोर होता, आता भोळा झाला. बाईंनी ते मनात ठेवलं.

दुपारी धुरळा उडवत गाडी आली. गिऱ्हाईक म्हणजे रूपाली, नाशिकची, स्वतः वैमानिक. दुर्गम गावांत औषधं पोचवायला तिला टिटवीसारखंच विमान हवं होतं. आणि तिच्या गाडीतून तिच्यामागोमाग उतरला तो सत्यम.

"तू इकडं कुठून?" ऋतुराजचा चेहरा उतरला.

"मॅडमबरोबर अजिंठ्याला होतो, कालपासून. तिकडं उतरायला मैदान बघायचं होतं. मुक्काम तिथंच पडला."

रूपालीने मान डोलावली. बाईंनी सत्यमला विमानाजवळ नेलं आणि रेघा दाखवल्या. पोरगा हसला. "हे माझं नाही मॅडम. आम्हाला कारखान्यात पिवळा पेन शिकवला." त्याने इंजिनाचं झाकण उघडलं, त्याने आवळलेल्या प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती. "अजिनाथसरांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही."

आता अजिनाथच्या हाताखाली शिकलेला एकच माणूस उरत होता. बाईंचं मन तिकडे वळेना. हाच माणूस अजिनाथच्या तिरडीला खांदा द्यायला पुढे होता. दर दिवाळीला फराळाचा पहिला डबा याच्या घरून येई. पोलिसातल्या सगळ्या वर्षांत बाईंनी बायकांना बजावलं होतं, चोर आधी घरात शोधा. दुसऱ्याला सांगणं सोपं होतं.

त्या रूपालीला घेऊन लिंबाखाली गेल्या. "यंत्रं गेली, तरी विमान घेणार?"

"यंत्रं नवी येतील. मला विमानापेक्षा बांधणारा जास्त हवा आहे," रूपाली मोकळेपणाने म्हणाली. "अशी आणखी विमानं बांधायची आहेत मला, इथेच. ऋतुराजसर वर्कशॉपचे प्रमुख. एवढं विमान एकहाती बांधलेला माणूस कुठे मिळतो?"

"एकहाती," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मदतीला एक मित्र असायचा म्हणाले ते. पाना वगैरे द्यायला."

बाईंनी लिंबाच्या बुंध्याला हात टेकला. त्यांनी विचारलं, "शेपटीवर पाटी असते. तिचं काय म्हणाले?"

"ते मी मागच्या आठवड्यातच विचारलं होतं. म्हणाले, पाटी अजून करायचीच आहे, नाव घालून लावतो."

मागच्या आठवड्यात. आणि पाटी चोरीला गेली काल.

५

"भाऊजी," ज्ञानेश्वरीबाई शेडमध्ये येऊन म्हणाल्या, "पाटी आणा."

ऋतुराजने तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

"रूपालीला सांगितलंत, पाटी कधी नव्हतीच. मला सांगितलंत, चोराने नेली. दोन बायकांना दोन गोष्टी, आणि दोघी एका लिंबाखाली बसतील हे तुमच्या लक्षात आलं नाही. नुसती पाटी काढली असती तर मी विचारलं असतं, म्हणून यंत्रं काढलीत, म्हणजे मोठ्या चोरीत लहान चोरी झाकून जाईल. कचरूची मेंढरं हलवलीत, म्हणजे रात्री शेडजवळ कोणी नको. इथपर्यंत सगळं जमलं. पण नट उघडे टाकवेनात तुम्हाला. रेघ ओढलीत. चोरी करतानाही अजिनाथ तुमच्या मानेवर बसला होता."

ऋतुराज शेतातल्या आपल्या घरात गेला आणि कापडाचं गाठोडं घेऊन आला. स्क्रीन, रेडिओ, हाक मारणारं यंत्र, सगळं धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेलं. "देवघराखालच्या कपाटात होतं," तो पुटपुटला. चोरीचा माल आणि ठेवला कुठे, तर देवापुढे. तळाशी पाटी होती.

"वाचा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता लाज नव्हती. "वाचा वहिनी, मग मला बोला."

बाईंनी पाटी उजेडाकडे धरली.

टिटवी. बांधणी: अजिनाथ आणि ज्ञानेश्वरी.

बस्स, एवढंच. ऋतुराजचं नाव कुठेच नव्हतं.

"जमीन माझी. छप्पर माझं. नऊ वर्षं हात माझे," ऋतुराजचा आवाज फाटला. "आणि त्यानं मला पाना देणारासुद्धा नाय ठेवलं. दवाखान्याच्या धावपळीत लक्ष गेलं नव्हतं, मी पाटी पाहिली ती त्याच्या दहाव्याच्या दिवशी. केसानं गळा कापला माझा, आणि कापणारा मरून मोकळा. भांडायचं तरी कोणाशी? तुमच्याशी? तुमचं कुंकू पुसून दहा दिवस झाले होते. गिळून बसलो. मग तुम्ही अट घातली, पाटी हलता कामा नये."

दोन वर्षं जी पाटी बघायचा धीर झाला नाही, तिच्यावर आपलं नाव असेल हे बाईंच्या स्वप्नात नव्हतं. आनंद झाला, खोटं कशाला बोला; आणि त्याच क्षणी त्या आनंदाची घाण वाटली. अजिनाथ असं का वागला?

"का केलं असेल त्यानं?" त्यांनी विचारलं.

ऋतुराजने शेडच्या दाराकडे पाहिलं. "तो पहिल्यांदा दवाखान्यातून घरी आला, तेव्हा मी एक गिऱ्हाईक घेऊन आलो होतो शेडवर. तो नीट होणार नाय हे दिसत होतं. म्हटलं, वेळेवर विकून टाकू. मला वाटलं तो झोपलाय घरी. तो कचरूला घेऊन इथं आला होता. दारात उभा होता. त्यानं ऐकलं."

"काय म्हणाला?"

"काय नाय. हसला. पुढच्या आठवड्यात पाटी ठोकली."

म्हणजे दगा एकाने दिला, दुसऱ्याने फेडला, आणि दोघांनीही बाईंना त्यातलं अक्षर सांगितलं नाही. एकाने नाव देऊन फसवलं आणि दुसऱ्याने नाव काढून.

"त्यानं तुमच्यावर अन्याय केला," बाई हळू म्हणाल्या. "भाऊजी, त्याच दिवशी माझ्या दारात आला असतात ना, तर मीच माझं नाव घासून तिथं तुमचं लिहिलं असतं. देवाशप्पथ लिहिलं असतं. पण तुम्ही काय केलंत? स्वतःचं नाव गेलं म्हणून कचरूचं नाव विकलंत. त्याच्याकडं तेवढंच होतं."



६

चौकीत ऋतुराजने स्वतःच्या तोंडाने सांगितलं: चोरी झालीच नाही, माल माझ्याच घरात होता, कचरूचा काही संबंध नाही. बाईंनी सारजाबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. म्हातारीने ऐकलं, ऋतुराजकडे एकवार नीट पाहिलं, आणि कचरूला म्हणाली, "चल रं. मेंढरं बोंबलायलीत. आजून दोन राती बसव माझ्या रानात." कचरूने बाईंच्या पायांना हात लावला. ऋतुराजकडे त्याने पाहिलंही नाही.

रूपालीने विमान घेतलं. वर्कशॉपबद्दल ती काही बोलली नाही, आणि ऋतुराजनेही विचारलं नाही.

"पाटी पुन्हा बसवायला सत्यम आहे की," ती म्हणाली.

"नको," बाई म्हणाल्या. "भाऊजी बाहेरून मारतील. मी आत बसते."

त्या वयात शेपटीत शिरणं सोपं नव्हतं. गुडघे कुरकुरले, पदर दोनदा अडकला. आत तोच अंधार, तोच पत्र्याचा वास. बाईंनी ठोकळा हातात घेतला. बाहेर ऋतुराजने ते पोकळ रिबीट काढून टाकले, पाटी लावली. ज्या पाटीवर त्याचं नाव नव्हतं ती पाटी तो स्वतः ठोकणार होता, आणि तिच्यावर ज्यांचं होतं त्या बाई आतून धरणार होत्या. जिथे नाव असायला हवं होतं तिथल्या पत्र्यावर त्याचा अंगठा थोडा वेळ टेकला आणि बाजूला झाला.

हातोडी तडतडली. बाईंनी दोनदा टकटक केली. ठीक.

दुसरा. ठीक.

तिसरा. ठीक. दोघांचे हात जुनं विसरले नव्हते. पत्र्याच्या दोन बाजूंनी ते इतक्या बिनचूक कामाला लागले होते की बाहेर उभ्या रूपालीला वाटलं, मिटलं असावं यांचं.

चौथा रिबीट बसला. आतून दोनदा टकटक झाली.

ऋतुराजने हातोडी खाली ठेवली नाही. तो पत्र्याजवळ वाकला. "वहिनी," तो म्हणाला. "दिवाळीला डबा पाठवू ना?"

आत अंधारात ज्ञानेश्वरीबाईंनी ठोकळा उचलला आणि पत्र्यावर सावकाश तीनदा टकटक केली.

चारही रिबीट नीट बसले होते, हे दोघांनाही माहीत होतं.